नोकरी मागायची नाही, फक्त विचारायचं

काळेवाडीत माणसाला कुणी "तू काय काम करतोस" असं विचारत नाही. विचारतात ते "कुठल्या कंपनीत?" कंपनीचं नाव कळलं की पगाराचा अंदाज येतो, लग्नाच्या बाजारातला भाव कळतो, आणि पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. गेटच्या आत गेल्यावर तो माणूस दिवसभर नक्की काय करतो, हे त्याच्या बायकोलासुद्धा धड ठाऊक नसतं. त्यामुळे दीक्षाने घरी येऊन सांगितलं, की कॉलेजने वेगवेगळ्या माणसांना भेटून त्यांच्या कामाची माहिती विचारून यायला सांगितलंय, तेव्हा तिच्या पप्पांना, म्हणजे ज्योतीरामना, काही उमगेना.

"म्हणजे नोकरीसाठीच ना?"

"नाही पप्पा. नोकरी मागायची नाही, फक्त विचारायचं."

"मग जायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. ज्योतीरामांचा सगळा जन्म पिंपरीतल्या एका कंपनीत गेला आणि ती कंपनी एका सकाळी कुलूप लावून मोकळी झाली. आता ते पुनावळ्यातल्या एका सोसायटीच्या गेटवर निळा शर्ट घालून बसतात आणि आपल्या पोरीच्या वयाच्या पोरांना सलाम करतात. पोरीला एमबीए करायला लावलं ते एवढ्याचसाठी, की तिने कधी कुठल्या गेटवर उभं राहू नये. तिने आत बसावं, स्टाफमध्ये, एसीत. आणि ही सांगते, नोकरी मागायची नाही.

हे खूळ निमिष सरांचं. निमिष सर कॉलेजात प्लेसमेंट बघायचे. प्लेसमेंट फारशी नव्हतीच, त्यामुळे सरांकडे वेळ भरपूर असायचा, आणि त्या वेळात ते परदेशातले व्हिडिओ बघून मुलांवर प्रयोग करायचे. या वेळचा प्रयोग होता माहिती-मुलाखत. तुम्हाला जे काम करावंसं वाटतं, ते करणाऱ्या माणसाला गाठा. थोडा वेळ मागा. बायोडाटा नेऊ नका. त्याला बोलू द्या, आपण कमी बोला. शेवटी आभार माना. आणि ज्यांना कारखान्याच्या बाजूला जायचंय, त्यांनी एक तरी हाताने काम करणारा माणूस गाठा, नुसते साहेब नकोत. "माणूस स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लागला की थांबत नाही," सर म्हणाले. "कुणीतरी विचारायला हवं, बस्स." हे मात्र सरांचं खरं होतं, आणि तेच पुढे भोवलं.

दीक्षाला ठरवायचं होतं ते एवढंच, की ऑपरेशन्सकडे जावं की एचआरकडे. पहिल्यांदा ती सांगवीत राहणाऱ्या केयूर नावाच्या एका मॅनेजरकडे गेली. तो म्हणाला, रेझ्युमे मेल कर, बघतो. तिने सांगितलं, मला नोकरी नको, तुमच्या कामाबद्दल ऐकायचंय. तशी त्याची नजर बदलली. "इन्शुरन्स वगैरे विकतेस का?" त्याने विचारलं. बाहेर पडल्यावर ती एकटीच रस्त्यावर हसली. आपल्याकडे कामाशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही, हे सरांच्या परदेशी व्हिडिओत कुठून असणार!

मग तिला समाधानदादाची आठवण झाली. समाधान त्यांच्याच गल्लीतला. परभणीकडून आला, चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, ठेकेदाराच्या माणसांत लागला आणि तिथेच चिकटला. गल्लीतलाच भिवा त्याच्या शेजारच्या मशीनवर. दोघं एकाच मोटरसायकलवर चाकणला जायचे, एकाच्या डब्यातलं दुसरा खायचा. समाधानला यंदा पर्मनंट करणार अशी बोलवा होती. अशी बोलवा दरवर्षी असायची, पण यंदा सुपरवायझरने स्वतः खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, म्हणून समाधानच्या बायकोने, कस्तुराने, गावाकडून सासूला आणायचा बेतसुद्धा करून ठेवला होता.

दीक्षा रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेली. समाधानने इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस चापून बसवले होते. कस्तुराने कांदेपोहे केले होते. दीक्षाला एकदम लाज वाटली. आपण काय मोठं विचारणार आहोत, असं तिला झालं.

"अगं, मला काय विचारतीस?" समाधान म्हणाला. "शिकलेल्या मानसाला विचार की. मी आपला पत्रा ठेवतो, पत्रा काढतो."

"तेच सांग ना दादा. कसा ठेवतोस, कसा काढतोस?"

तो आधी लाजला. मग बोलू लागला, आणि सर म्हणाले होते तसा थांबेचना. पोह्यांची ताटली म्हणजे पत्रा, पाट म्हणजे मशीन. प्रेस वरून खाली येते आणि पत्र्याला आकार देते, दाराच्या कडीचा भाग तयार होतो. ती खाली यावी म्हणून दोन बटणं असतात, दोन हातांनी एकदम दाबायची. म्हणजे दोन्ही हात बटणांवर अडकलेले, मधे हात सापडायची भीती नाही. पण असं साग्रसंगीत करत बसलं तर काउंट, म्हणजे ठरवून दिलेला नगांचा आकडा, निघत नाही. शिफ्टचा काउंट निघाला नाही तर सुपरवायझर सगळ्यांदेखत आईबहीण काढतो. म्हणून डाव्या बटणात लाकडाची चिपटी बसवलेली असते. ते बटण कायम दाबलेलं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने माल.

"आणि डावा हात आत असताना प्रेस खाली आली तर?"

"येत नाही. आपन येऊ देत नाही." त्याने हवेत हात नाचवून दाखवला. आत, बाहेर, आत, बाहेर. हात इतका झरझर फिरत होता की कस्तुरा परातीतलं पीठ सोडून बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिनेही हे पहिल्यांदाच पाहिलं. "हे बग, धाच्या धा बोटं," समाधान दोन्ही पंजे पसरून म्हणाला. "प्रेसवर एवढी वर्षं काढून धाच्या धा."

"चिपटी कुणी बसवली?"

"सुपरवायझरनंच दिली की. सगळ्या चाकनात असंच करायलेत." त्याने ते इतक्या सहज सांगितलं की त्यात लपवण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

निघताना कस्तुरा तिला दारापर्यंत पोचवायला आली. "तू आता मोठ्या मोठ्या लोकांत जातीस दीक्षा," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणी यांच्या कंपनीतलं भेटलं तर एक शब्द टाक. आपल्यासाठी शब्द टाकनारं कोन हाय?"

या भागात शब्द टाकणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वशिला म्हणा, ओळख म्हणा. अर्ज सगळेच करतात, घामही सगळेच गाळतात, पण कुणीतरी वरच्या माणसाच्या कानात नाव घातल्याशिवाय इथे कुणाचं पान हलत नाही. ज्योतीराम पिंपरीच्या कंपनीत लागले तेसुद्धा कुणी तरी शब्द टाकला म्हणूनच. दीक्षा हे ऐकतच मोठी झाली होती. ती म्हणाली, "टाकते वहिनी. नक्की."

महिन्याअखेरीस कॉलेजात कार्यक्रम झाला. प्रत्येकाने आपल्या भेटींबद्दल बोलायचं, आणि ऐकायला कंपन्यांचे पाहुणे. बाकीची मुलं साहेबांबद्दल बोलली. दीक्षा समाधानबद्दल बोलली. नाव घेतलं नाही, कंपनीचं नाव घेतलं नाही, एवढी अक्कल तिला होती. पण तिने सगळं सांगितलं. इस्त्रीचा शर्ट सांगितला, पाट आणि ताटली सांगितली, लाकडाची चिपटी सांगितली, पसरलेले पंजे सांगितले. "एवढ्या वर्षांत त्यांना त्यांच्या कामाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. टाळ्या थांबेनात. निमिष सरांनी तर डोळे पुसले.

चहाच्या वेळी पाहुण्यांतल्या एक बाई तिच्याकडे आल्या. सुती साडी, बारीक टिकली, बोलणं मऊ. "मी ऋता. चाकणला एचआर बघते," त्या म्हणाल्या आणि कंपनीचं नाव सांगितलं. दीक्षाने ते लगेच ओळखलं. समाधानदादाचीच कंपनी! तिला वाटलं, असा योग पुन्हा यायचा नाही.

"किती जीव ओतून बोललीस," ऋता मॅडम म्हणाल्या. "अशी माणसं आमच्याकडेही आहेत गं. आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. कुठे असतात हे तुझे दादा?"

दीक्षा घुटमळली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. सरांचा नियम तिला आठवला, नोकरी मागायची नाही. पण ती स्वतःसाठी कुठे मागत होती? समोर खुद्द एचआरची साहेबीण, हात तिच्या खांद्यावर, आणि नाव विचारतेय. अशा वेळी गप्प बसली असती तर काळेवाडीत तिला कुणी माफ केलं नसतं.

"मॅडम, ते तुमच्याच कंपनीत आहेत," ती म्हणाली. "समाधान. प्रेस शॉपला. खूप वर्षं ठेकेदाराकडे आहेत. त्यांचं पर्मनंटचं बघा ना."

ऋता मॅडमनी मान हलवली. "मी बघते," त्या म्हणाल्या.

दीक्षा त्या दिवशी घरी न जाता आधी समाधानकडे गेली. दारातूनच ओरडली, "वहिनी, टाकला शब्द! थेट एचआरला!" कस्तुराने डब्यातून चिमूटभर साखर काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

पुढच्या आठवड्यात सोमवारी समाधानचं कार्ड गेटवर चाललं नाही. त्याला वाटलं मशीन बिघडलं. त्याने शर्टाला पुसून पुन्हा लावलं. मागे रांग खोळंबली, माणसं ओरडू लागली, तेव्हा सिक्युरिटीवाल्याने त्याला बाजूला घेऊन ठेकेदाराच्या माणसाकडे पाठवलं. तिथे त्याच्या मशीनवरची चिपटी टेबलावर ठेवली होती. गिऱ्हाईक कंपनीचे लोक तपासणीला यायचे होते आणि सुरक्षेचा एखादा दोष आधीच पकडून दोषी माणूस दाखवता आला तर ते कंपनीच्या फायद्याचं होतं. समाधानला सांगण्यात आलं, मी माझ्या मर्जीने ही चिपटी लावली असं लिहून दे, प्रकरण मिटेल, तुला दुसरीकडे चिकटवू. त्याने लिहून दिलं. भोळा माणूस, मिटेल म्हटल्यावर त्याला मिटेल असंच वाटलं. दुसरीकडे कुणी चिकटवलं नाही. उलट ज्या ठेकेदाराकडे जावं तो त्याचं नाव ऐकून म्हणायचा, तू तो चिपटीवाला ना?

गल्लीत चर्चा झाली. कुणी तरी आतल्याने चुगली केली, यावर सगळ्यांचं एकमत होतं. आणि समाधानच्या मशीनवर दुसऱ्याच दिवशी भिवाला बसवल्यामुळे तो कोण, यावरही एकमत व्हायला वेळ लागला नाही. समाधान भिवाच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलला. भिवा आधी समजावत राहिला, मग रडला, मग त्यानेही शिव्या दिल्या. वर्षानुवर्षं एका मोटरसायकलवर बसलेली माणसं, पौर्णिमेला विहारात आली ती दोन टोकांना बसली.

दीक्षाला हे सगळं कळत होतं, पण त्याचा आपल्याशी संबंध जोडायला मन धजत नव्हतं. चाकणात सगळीकडेच चिपट्या, तपासणी तर होतच असते, असं ती स्वतःला सांगायची. मग ऋता मॅडमचा फोन आला. भेटायला ये.

केबिन थंडगार होती. मॅडमनी तिला पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली. "आमच्याकडे ट्रेनी म्हणून ये," त्या म्हणाल्या. "आमची माणसं वर्षभर शॉपवर फिरतात, कामगार त्यांच्याशी हूं की चूं करत नाहीत. तू एका सकाळीत सगळं बाहेर काढलंस. ही देणगी असते. शिकवून येत नाही."

दीक्षाने पाण्याचा पेला खाली ठेवला. आता मनाला फसवायला जागा उरली नव्हती. "मॅडम, समाधानदादाला... मी तर त्यांच्यासाठी सांगितलं होतं."

"मला माहीत आहे." मॅडमचा आवाज तितकाच मऊ होता. "पण एकदा कानावर आल्यावर मी गप्प कशी बसणार? उद्या त्याचा हात गेला असता तर? त्याच्या भल्याचंच झालं असं समज."

"पण ती चिपटी सुपरवायझरने दिली होती."

"त्याने तर लिहून दिलंय, स्वतःच्या मर्जीने लावली म्हणून." मॅडम हसल्या. खरोखर प्रेमाने हसल्या, आणि त्याचीच दीक्षाला जास्त भीती वाटली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. घरी विचार आणि सांग."

घरी विचारण्यासारखं काय होतं? ज्योतीरामांनी ऐकलं आणि तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. स्टाफ. एसी. स्टाफची वेगळी बस, काळेवाडी फाट्यावरून. ते तसेच उठून गल्लीच्या तोंडाशी गेले आणि पेढे घेऊन आले. दीक्षाने तोंड उघडलं होतं, सगळं सांगायला. पण पप्पांच्या अंगावर अजून ड्युटीचा निळा शर्ट होता, आणि ते प्रत्येक पेढा कागदावर नीट मांडत होते. तिने तोंड मिटलं. आत गेलं तर आतून काहीतरी करता येईल, असं तिने मनाशी म्हटलं. आत जाणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी हेच म्हणतो.

रुजू झाल्यावर काही दिवसांनी तिला शॉपवर फिरायला पाठवलं. तपासणी एव्हाना उत्तम पार पडली होती. कोपऱ्यातल्या प्रेसवर भिवा बसला होता. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने माल. डाव्या बटणात लाकडाची नवी कोरी चिपटी होती. भिवाने तिला ओळखलं आणि तिच्या गळ्यातल्या स्टाफच्या कार्डाकडे पाहून नजर खाली घातली. त्याचा हात मात्र थांबला नाही. दीक्षाने वर जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "छान, अशीच नजर ठेव. काय बोलतात तेही ऐकत जा." तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आता ती सांगेल त्याचा काय उपयोग होणार. चिपटी जाणार नव्हती. भिवा गेला असता. त्यानंतर चिपटीबद्दल तिने तोंड उघडलं नाही, आणि आपण हे भिवावरच्या दयेपोटी करतोय की नोकरीच्या भीतीने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एका संध्याकाळी समाधान आणि कस्तुरा घरी आले. समाधानच्या अंगावर तोच इस्त्रीचा शर्ट होता, कॉलर विटलेली. आता तो एका पत्र्याच्या शेडमध्ये रोजावर जायचा. तिथली प्रेस जुनी, तिला बटणंच नाहीत. पायाने खटका दाबायचा, दोन्ही हात आत. दीक्षाच्या आईने चहा दिला. समाधानने कप उचलला तेव्हा दीक्षाने आधी एका हाताची बोटं मोजली. मग त्याने बशी धरली, तिने दुसऱ्या हाताची मोजली. हल्ली तो गल्लीत दिसला की ती हेच करायची. बोटं सगळी होती. जीव भांड्यात पडला, तो फक्त आजच्यापुरता.

"तू आमच्यासाठी शब्द टाकलास," समाधान म्हणाला. "ते मी इसरलो नाही. ऐन टायमाला त्या भिवानं घात केला, न्हाईतर काम झालंच होतं."

हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. भिवाने नाही दादा, मी. भिवाचं नाव धुऊन निघालं असतं, ती मोटरसायकल पुन्हा दोघांना घेऊन निघाली असती. दीक्षाच्या ओठापर्यंत ते वाक्य आलं. दारात ज्योतीराम उभे होते, लेकीकडे बघत. लोक आता आपल्या लेकीकडे गाऱ्हाणं घेऊन येतात, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"झालं ते झालं," कस्तुरा म्हणाली आणि दीक्षाचा हात धरला. "आता तू आतच हाईस. आता दुसऱ्या कुनाला सांगायचं कामच न्हाई. यांच्यासाठी पुन्हा एक शब्द टाक दीक्षा. कुठंही घ्या म्हनावं, झाडू मारायला घ्या. त्या पायाच्या मशीनवर नको. मला झोप लागत न्हाई."

दीक्षाने कस्तुराच्या हातावर आपला हात ठेवला. तिचा आवाज निघाला तो इतका मऊ होता, की तो आपलाच आहे हे तिला क्षणभर कळलं नाही.

"मी बघते," ती म्हणाली.

कस्तुराने पदराची गाठ सोडली. घरून निघतानाच तिने साखर बांधून आणली होती. ती तिने दीक्षाच्या तळहातावर ठेवली. सगळे बघत होते, म्हणून दीक्षाने ती खाल्ली.